अजोड म्हणून अपौरुषेय?

गेल्या महिन्यात दादरला एका वाचनालयाच्या सभागृहात धर्मग्रंथांवरचा परिसंवाद होता. खुर्च्या लोखंडी, पंखे मोजके, गर्दी बऱ्यापैकी. एक वक्ते म्हणाले, “कुरआनानं सगळ्या जगाला आव्हान दिलंय, यासारखी एक तरी सूरा करून आणा. चौदाशे वर्षं झाली, कुणाला जमलं नाही. ग्रंथ अल्लाहचा आहे, याला आणखी काय पुरावा हवा?” (सूरा म्हणजे कुरआनातला अध्याय.) डावीकडच्या रांगांतून टाळ्या पडल्या. प्रश्नोत्तरं सुरू झाल्यावर मागून एक तरुण उठला, मोबाइल उंच धरला आणि म्हणाला, “ही घ्या सूरा. यंत्राला सांगितलं, दीड मिनिटात लिहून दिली.” आता टाळ्या उजवीकडून. अध्यक्षांनी वेळ संपल्याचं जाहीर केलं, चहाचे कागदी कप फिरले आणि मंडळी आपापली बाजू जिंकल्याच्या समाधानात जिना उतरली. मला टिळक पुलापर्यंत चुटपुट लागून राहिली. इतका जुना, इतका श्रीमंत वाद, आणि आपण तो सहलीच्या बसमधल्या भेंड्यांसारखा खेळून मोकळे झालो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. कुरआन अरबी भाषेत अजोड आहे, हे मानायला माझी काही हरकत नाही. ज्याला हरकत असेल त्यानं अरबी साहित्याचा इतिहास एकदा उघडून पाहावा. पण अजोड आहे म्हणून तो ईश्वरानंच सांगितला, हे त्यातून निघत नाही. निघतं असं म्हणणारे वक्ते आणि यंत्राकडून सूरा लिहून घेऊन ते खोडू पाहणारा तरुण, दोघांची चूक एकच आहे. दोघंही सौंदर्याला सातबाराचा उतारा समजतात. एक म्हणतो, उताऱ्यावर अल्लाहचं नाव आहे. दुसरा म्हणतो, उतारा बनावट आहे, हा बघा मीही एक छापून आणला. कवितेला सातबारा नसतो, हे दोघांनाही सांगायचं राहून गेलं.

मुळात आव्हान काय आहे? अरबीत त्याला ‘तहद्दी’ म्हणतात आणि ते कुरआनात एकदाच येत नाही. कुठे म्हटलंय, खरे असाल तर असं वचन घेऊन या (52:33-34); कुठे, अशा दहा सूरा रचून आणा (11:13); कुठे, एकच आणा (10:38 आणि 2:23); आणि एका जागी, सगळी माणसं आणि सगळे जिन्न एकत्र झाले, एकमेकांच्या मदतीला धावले, तरी याच्यासारखं काही आणू शकणार नाहीत (17:88). एकूण सूरा 114. त्यांतली सगळ्यात लहान 108वी, ‘कौसर’, तीनच आयतींची. म्हणजे मागणी खाली येत येत तीन ओळींवर येते. या दाव्याभोवती जे शास्त्र उभं राहिलं त्याला ‘एजाज’ म्हणतात: समोरच्याला असमर्थ करून सोडणं. चमत्कार या अर्थाचा ‘मोजिजा’ हा शब्द त्याच धातूतला. मूसाची काठी, ईसाचं मेलेल्याला उठवणं, तसा मुहंमद पैगंबरांचा चमत्कार म्हणजे हे वचन, अशी ही मांडणी आहे.

या शास्त्राला हसणाऱ्यांनी अब्दुल काहिर जुरजानी या माणसाची निदान ओळख करून घ्यावी. अकराव्या शतकातला, कास्पियन समुद्राजवळच्या गुर्गानचा हा व्याकरणकार. कुरआनाचं अजोडपण शब्दांत नाही, सुट्या अर्थातही नाही, ते ‘नज्म’मध्ये आहे, म्हणजे शब्दांच्या गुंफणीत, असं तो म्हणाला, आणि नुसतं म्हणून थांबला नाही. त्याचं एक गाजलेलं उदाहरण आहे. जकरिया पैगंबर म्हातारपणाबद्दल प्रार्थनेत म्हणतात, “माझं डोकं पांढऱ्यानं पेटलं आहे” (19:4). लोक म्हणायचे, वा, काय रूपक आहे! जुरजानी म्हणतो, रूपक ठीकच आहे, पण खरी करामत वाक्याच्या रचनेत आहे. ‘डोक्यावरचं पांढरेपण पेटलं’ असं म्हटलं असतं तर रूपक तेच राहिलं असतं आणि आयत मेली असती. ‘घरात आग लागली’ म्हटलं की आग एका कोपऱ्यातही असू शकते. ‘घर पेटलं’ म्हटलं की कोपरा उरत नाही. कर्त्याची जागा बदलली आणि सगळं डोकं एकदम पांढरं झालं. हे वाचलं तेव्हा मी प्रूफ बाजूला ठेवून बराच वेळ बसून राहिलो होतो. तीस वर्षं मुद्रितशोधन केलं, ‘घरात आग’ आणि ‘घर पेटलं’ ही दोन्ही वाक्यं शेकडो बातम्यांत तपासली, आणि त्यांच्यातला फरक मला हजार वर्षांपूर्वीच्या एका इराणी माणसानं दाखवला. (मराठीत आपले केस पिकतात, आंब्यासारखे. तेही काही वाईट नाही.)

श्रद्धेनं विचारलेल्या प्रश्नातून असं शास्त्र जन्माला येतं, हे आपल्याला नवं वाटायला नको. वेदाचा एक स्वर इकडचा तिकडे होऊ नये या काळजीतून आपल्याकडे प्रातिशाख्यं झाली, उच्चारशास्त्र झालं. त्या शास्त्राला दाद देण्यासाठी वेद अपौरुषेय आहेत, म्हणजे कुणा माणसानं रचलेले नाहीत, हे कबूल करावं लागत नाही. जुरजानीच्या बाबतीतही तसंच. तो जे दाखवतो ते खरं आहे. त्यावरून तो जे सिद्ध झालं समजतो, त्याबद्दल माझा वाद आहे.

आता विरोधी बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा. तो नवव्या शतकात बसऱ्याच्या जाहिझ या अरबी लेखकानं मांडला, आणि दादरच्या वक्त्यांनी तो नीट मांडला असता तर टाळ्यांना काही अर्थ आला असता. मक्केचे कुरैश भाषेवर पोसलेले लोक. कवीच्या एका ओळीनं टोळीची अब्रू जावी किंवा राहावी, असा तो समाज. मुहंमदांना खोटं पाडायला त्यांना तीन ओळी पुरल्या असत्या. त्याऐवजी त्यांनी छळ केला, बहिष्कार घातला, लढाया केल्या, स्वतःची माणसं मारून घेतली. तीन ओळी लिहिणं सोपं की बद्रच्या मैदानात मरणं सोपं? सोपी वाट सोडून अवघड वाट धरणारा माणूस सोपी वाट बंद आहे, हेच कबूल करत नाही का?

युक्तिवाद देखणा आहे. पण कुरैशांचं म्हणणं काय होतं, हे खुद्द कुरआनातच नोंदलेलं आहे. ते म्हणत, या जुन्या लोकांच्या दंतकथा आहेत. मनात आणलं तर आम्हीही असं बोलू शकतो (8:31). ते म्हणत, याला कुणीतरी माणूस शिकवतो (16:103). कवी म्हणत, काहीन म्हणजे मंत्र पुटपुटणारा भविष्यवेत्ता म्हणत, जादूगार म्हणत. म्हणजे त्यांच्या लेखी भांडण काव्यस्पर्धेचं नव्हतंच. भांडण होतं काब्यातल्या देवतांचं, वाडवडिलांच्या रीतीचं, यात्रेवर चालणाऱ्या मक्केच्या मानपानाचं. गावची गादी कुणाची यावर तंटा पेटलेला असताना समोरच्याच्या भाषणाला तोडीस तोड भाषण लिहीत कोण बसतं?

आपल्या घरातलं उदाहरण घ्या. तुकोबांच्या विरोधात जे उभे राहिले त्यांनी त्यांच्यापेक्षा सरस अभंग लिहून दाखवले का? परंपरा सांगते ते असं: रामेश्वरभट्टांनी आक्षेप घेतला, शूद्राला वेदार्थ बोलायचा अधिकार नाही म्हणून, आणि वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या. सोपी वाट होती, चार अभंग करायचे. त्यांनी अवघड आणि लाजिरवाणी वाट धरली. मग जाहिझच्या न्यायानं अभंग लिहिणं त्यांना अशक्य होतं असं ठरतं, आणि अशक्य होतं म्हणून गाथा देवाची ठरते. तेरा दिवसांनी वह्या तरल्या म्हणणाऱ्यांना हे पटेलही. पण कुरआनाच्या बाजूनं बोलणाऱ्या वक्त्यांना पटेल का? नाही पटणार, आणि का पटू नये, याचं जे कारण ते देतील तेच कारण कुरैशांनाही लागू पडतं. अधिकाराचं भांडण शब्दांच्या तोडीनं मिटत नसतं.

शिवाय तुकोबाही हे माझं बोलणं नाही म्हणतातच. साळुंकी गोड बोलते पण तिला शिकवणारा धनी वेगळा, मज पामराकडून विश्वंभरानं बोलवलं, असा त्यांचा अभंग वारकऱ्यांच्या तोंडी आहे. मी हे कुरआनाच्या वहीच्या दाव्याशी एकाच पंगतीला बसवत नाही. वही म्हणजे पैगंबरांवर उतरलेलं वचन, आणि इस्लामी दृष्टीनं त्यात पैगंबरांचा शब्द मिसळलेला नाही. दावा निराळा, मोठा. पण वाणीच्या सौंदर्यावरून तिचा धनी ओळखायचा ठरला, तर तो नियम एकाच दाराशी थांबवता येत नाही. देहूलाही जावं लागेल.

यावर उत्तर येतं: तुकोबांनी आव्हान दिलं नव्हतं, कुरआनानं दिलं. बरोबर आहे. मग ज्ञानोबांकडे जाऊ, कारण तिथे पैज आहे. माझा मराठी बोल अमृतालाही पैजेनं जिंकील, असं ते म्हणून गेले. त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी, शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, एकनाथ ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत करायला बसले. का बसावं लागलं? मूळ ग्रंथ शुद्धच होता, पण पाठांतरं होता होता अशुद्ध झाला होता, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. आणि काम संपवताना त्यांनी ताकीद दिली: यापुढे ज्ञानेश्वरीत जो कुणी आपली मराठी ओवी घालील, त्यानं अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवली असं समजा.

ही नरोटी मला फार दिवस छळते आहे. मुद्रितशोधक म्हणून तर जास्तच. ताट अमृताचं आहे, यात शंका नाही. पण असं वाक्य एकदा उच्चारलं गेलं की स्पर्धा संपते. त्यानंतर जी ओवी लिहिली जाईल ती चांगली की वाईट हा प्रश्नच राहत नाही, ती नरोटीच. लिहिणारा प्रतिस्पर्धी राहत नाही, पंक्तीचा अपमान करणारा होतो. कुरआनाच्या आव्हानाचंही पुढे असंच झालं. आव्हान उघडं होतं तेव्हा त्याला न्यायाधीश कोण होता, आणि पुढे जो न्यायाधीश झाला तो कुठल्या बाजूचा होता? यमामाच्या मुसैलमाची गोष्ट पाहा. त्यानंही पैगंबर असल्याचा दावा केला, पैगंबरांच्या मृत्यूनंतर झालेल्या यमामाच्या लढाईत तो मारला गेला. त्याच्या नावावर बेडकावरच्या काही ओळी सांगतात, ऐकून हसूच येतं. पण त्या आपल्यापर्यंत आल्या कुणाच्या हातून? ज्यांनी त्याला हरवलं त्यांच्या. हरलेल्याची कविता जिंकणाऱ्याच्या वहीत वाचायची आणि मग म्हणायचं, बघा, किती फालतू आहे!

सीरियाच्या आंधळ्या कवीची, अबुल अला मअर्रीची (973 ते 1057), एक आख्यायिका आहे. त्याच्या एका गद्यग्रंथावर आरोप झाला की तो कुरआनाच्या वळणावर बेतलाय. कुणीतरी वर टोमणा मारला, रचना बरी आहे पण कुरआनाची झळाळी नाही. तो म्हणाला, चारशे वर्षं मशिदींच्या मिहराबांत तिला जिभा घासू द्या, मग बघा. आख्यायिका खरी असो वा नसो, मुद्दा झटकून टाकण्यासारखा नाही.

झळाळी जिभेनं येते, हे मी एकदा कानांनी ऐकलंय. आमच्या छापखान्यात बाइंडिंगला एक चाचा होते, श्रीवर्धनकडचे कोकणी मुसलमान, घरात आपल्यासारखीच मराठी, फक्त हेल वेगळा. त्यांचा पुतण्या हाफिज झाला, म्हणजे सगळं कुरआन त्याला तोंडपाठ, आणि रमजानात माझगावच्या एका छोट्या मशिदीत तरावीहला, रात्रीच्या नमाजाला, उभा राहणार होता. चाचांनी मला गल्लीत खुर्ची टाकून बसवलं. आतून आवाज येत होता, संथ, न अडखळता. रोज असं करत महिन्यात कुरआनाचे तिसांच्या तीस पारे, म्हणजे भाग, म्हणायचे, समोर पुस्तक नाही. मधेच कुठेतरी पोरगा अडला. अर्धा श्वास. लगेच मागच्या रांगेतून दुसऱ्या कुणी पुढचा शब्द दिला, आणि आवाज पुन्हा चालू लागला. याला लुकमा देणं म्हणतात, घास भरवावा तसा. गल्लीत खिम्याच्या तव्यावर उलथनं वाजत होतं, वर कुणाचा तरी टीव्ही चालू होता, आणि सातव्या शतकातला एक शब्द माझगावच्या एका तोंडातून दुसऱ्या तोंडात दिला गेला. माझ्या अंगावर काटा आला, तो मी नाकारणार नाही.

पण तो काटा काय सिद्ध करतो? पुढे खलिफा झालेले उमर पैगंबरांना मारायला तलवार घेऊन निघाले होते आणि बहिणीच्या घरी ‘ताहा’ सूरा वाचून विरघळले, असं परंपरा सांगते. अशा माणसाला ‘तू फसलास’ म्हणणारा मूर्ख. अनुभव खरा, त्याची ताकद खरी. तसाच वारीत रिंगणाला डोळे भरून येणाऱ्याचा अनुभवही खरा. दोघांनाही आपापला अनुभव कुणाकडून आला याची खात्री आहे आणि दोघांच्या खात्रीत अंतर आहे. निवाडा काट्यावरून करायचा, तर कुणाचा काटा जास्त उभा राहिला ते मोजत बसावं लागेल.

बरं, एजाजचे पंडित तरी चमत्कार नेमका कशात आहे यावर एकमतात होते का? मुअतजिला या बुद्धिवादी इस्लामी पंथाचा नज्जाम म्हणाला, तशी रचना माणसाला अशक्य नव्हती. अल्लाहनं अरबांना तिच्यापासून परतवलं, त्यांची इच्छा आणि बळ काढून घेतलं. या मताला ‘सर्फा’ म्हणतात. कुणी नज्जामला पाखंडी ठरवून हे उडवून लावील, तर पुढे कॉर्डोबाचा इब्न हज्म, ज्याचं मुअतजिलांशी मुळीच पटत नव्हतं, त्यानंही सर्फाच धरला. शिया पंडित शरीफ मुर्तजानंही. दुसरे म्हणाले, छे, चमत्कार भाषेतच आहे. तिसरे म्हणाले, भविष्यकथनात आहे. रोमन हरले पण काही वर्षांत जिंकतील, ही ‘रूम’ सूरेतली आयत पाहा. बगदादचा काजी बाकिल्लानी (मृत्यू 1013) इस्लामपूर्व काळातला थोर अरबी कवी इम्रुल कैस याची सगळ्यात नावाजलेली कविता घेऊन ओळीओळीतल्या खोडी काढत बसला, कुरआनाची सर कुठल्याच माणसाच्या कवितेला नाही हे दाखवायला. खोडी काढायच्याच ठरवल्या तर कुठल्या कवितेत निघत नाहीत? पण मुद्दा तो नाही. पुरावा जर सूर्यासारखा लख्ख आहे, तर तो आकाशात नेमका कुठे आहे यावर एवढे मतभेद का?

वेगळेपणाचा मुद्दा आणखी बारीक करून मांडला जातो. कुरआन नुसता थोर आहे असं नाही; तो पद्य नाही, काहिनांचं यमकी गद्य नाही, साधं गद्यही नाही, तो स्वतःच एक जात आहे, असं म्हणतात. मान्य. पण आपल्याकडे वामनाचा श्लोक, तुकयाचा अभंग, ज्ञानेशाची ओवी आणि मोरोपंतांची आर्या, असं म्हणायची रीत आहे. ज्यानं त्यानं आपली जागा अशी अडवली की दुसऱ्याला तिथे उभं राहता येईना. जागा अडवणारा जितका मोठा, तितका मागून येणारा नकलाकार ठरतो. खरी मेख इथेच आहे. ‘यासारखं आणा’ म्हटलं आणि आणणारा फार जवळ गेला, तर ती नक्कल. दूर राहिला, तर ते यासारखं नाही. मग ‘यासारखं’ म्हणजे किती अंतरावर? हे अंतर आधी ठरवून दिलेलं नसेल, तर हार-जीत सांगायची कशी?

मोबाइलवाल्या तरुणाची बाजू इथेच कोसळते. त्याच्या यंत्रानं कुरआन आणि कुरआनावर लिहिलेलं ढीगभर आधी पचवलंय, त्याच शपथा, तीच अंत्ययमकं परत काढून दिली. ती ‘यासारखी’ रचना नव्हे, तो त्याचाच पडसाद आहे. विडंबन जमलं म्हणून मूळ कविता पडत नाही. उलट विडंबन करायला तीच सुचली यात तिची थोरवी दिसते. आणि खरं सांगायचं तर त्या तरुणाला अरबी येत नव्हती, वाचत होता तो मराठी तर्जुमा. ज्याला मूळ कळत नाही त्यानं नक्कल जमली की नाही हे कसं ओळखायचं?

हाच प्रश्न उलटून वक्त्यांनाही विचारावा लागतो. त्यांनाही अरबी नमाजापुरतीच येते, असं त्यांच्याच बोलण्यावरून दिसलं. जगातल्या बहुसंख्य मुसलमानांची मातृभाषा अरबी नाही. या मुंबईत तर कोकणी मराठी बोलतो, बोहरी गुजराती, कच्छी मेमन आपली बोली, बाकीचे उर्दू. भेंडी बाजारात रौदत ताहेराच्या, म्हणजे बोहरी धर्मगुरूंच्या समाधीच्या, आत संगमरवरी भिंतींवर संपूर्ण कुरआन सोन्याच्या अक्षरांत आहे. तिथे मान वर करून उभ्या राहणाऱ्या किती जणांना नज्म कळत असेल? बाकिल्लानीला ही अडचण दिसली होती. त्याचं उत्तर असं की ज्याला अरबी येत नाही, त्यानं अरब हरले यावरून ओळखावं. म्हणजे आता पुरावा कानावर नाही, साक्षीवर आला. यात गैर काही नाही. रामानुजनचं गणित मलाही कळत नाही, मी जाणकारांच्या शब्दावर मानतो. पण तिथे जाणकार सगळ्या धर्मांचे आहेत आणि सगळे एकच सांगतात. इथे? उमय्या खलिफांच्या दरबारात अख्तल नावाचा कवी होता, त्या काळच्या तीन सर्वांत मोठ्या अरबी कवींपैकी एक. तो ख्रिस्ती होता आणि ख्रिस्तीच राहिला. एकोणिसाव्या शतकात लेबनॉनचे नासिफ याझिजी आणि बुतरुस बुस्तानी, अर्वाचीन अरबीचे खांब, दोघेही ख्रिस्ती. यांना भाषा कळत नव्हती असं म्हणायची कुणाची छाती आहे? भाषेचा चमत्कार भाषेच्या जाणकारांना धर्म बदलायला लावत नसेल, तर तो धर्माचा पुरावा म्हणून बिनअरबी माणसापुढे कसा ठेवायचा?

आणि समजा, तोडीची रचना खरोखरच अशक्य आहे हे सिद्ध झालं. पुढे काय? इथे मी थोर इस्लामी धर्मपंडित गजालीला बोलावतो, ज्याला इस्लामद्वेष्टा म्हणायची सोय नाही. तो आत्मकथनात लिहितो: दहा ही संख्या तीनपेक्षा मोठी आहे हे मला माहीत आहे. कुणी म्हणाला, नाही, तीन मोठे, आणि याचा पुरावा म्हणून मी या काठीचा साप करतो. आणि त्यानं माझ्यादेखत साप केला. तरी मी दहाबद्दल शंका घेणार नाही. हा माणूस साप कसा करतो याचं मला आश्चर्य मात्र वाटेल. गजाली कुरआन नाकारत नव्हता. पण आश्चर्य आणि सत्य यांच्यामध्ये एक ओढा आहे, आणि तो उडी मारून ओलांडता येत नाही, हे या सगळ्या वादात त्याच्याइतकं स्वच्छ कुणी सांगितलेलं नाही.

उजवीकडून टाळ्या वाजवणाऱ्यांसाठी दोन शब्द. मीमांसक वेदांना अपौरुषेय, म्हणजे कुणी कर्ताच नसलेले, म्हणतात, नैयायिक ईश्वरकर्तृक, म्हणजे ईश्वरानं रचलेले, म्हणतात, आणि दोघांचं आपसात जुंपलेलं. कुरआनाचा दावा तोलायला जी तागडी काढली, तीच घरी वापरायची तयारी आहे का? 1976 मध्ये मॉरिस बुकाय या फ्रेंच डॉक्टरचं पुस्तक आलं आणि कुरआनात आधुनिक विज्ञान शोधायची लाट उसळली. आपल्याकडे वेदांत विमानं शोधणारे त्या लाटेचे जुळे भाऊ आहेत. जुरजानी आणि प्रातिशाख्यकार यांच्या तालमीत वाढलेल्या परंपरा अशा किरकोळ दुकानदारीवर याव्यात, याचं मला दोन्हीकडून सारखंच वाईट वाटतं.

चाचांशी मी हा वाद कधी घातला नाही. एकदा मात्र तो माझ्या टेबलावर आला. मराठी शाळेत जाणाऱ्या कोकणी मुलांसाठी अम्म पारातल्या, म्हणजे कुरआनाच्या शेवटच्या भागातल्या, लहान सूरांचं छोटं पुस्तक छापायचं होतं, मूळ अरबी, देवनागरीत उच्चार, खाली मराठी अर्थ. प्रूफ माझ्याकडे. ‘कौसर’वर येऊन अडलो. “इन्ना आतैनाकल कौसर, फसल्लि लिरब्बिक वन्हर, इन्न शानिअक हुवल अब्तर.” आम्ही तुला कौसर दिली, तर आपल्या पालनकर्त्याची नमाज पढ आणि कुर्बानी दे, तुझा द्वेष करणारा तोच अब्तर. पैगंबरांचे मुलगे लहानपणीच गेले, म्हणून मक्केतले लोक त्यांना अब्तर म्हणून हिणवत, असं सांगतात. तोच शब्द उचलून शेवटच्या जागी परत फेकलाय, आणि समोर कौसर, जिच्या धातूतच विपुलता आहे. तीन ओळी, एकच यमक, आणि शिवी जिथून आली तिथे पोचती. कच्च्या मजकुरात अर्थ होता ‘निर्वंश’. मी विचारलं, “चाचा, अब्तरचा मूळ अर्थ काय?”

“शेपूट तोडलेलं जनावर, मास्तर.”

“मग त्याला मराठीत नेमका शब्द आहे.”

चाचांनी चष्मा काढला, प्रूफ जवळ ओढलं आणि समासात पेन्सिलीनं तो शब्द लिहिला. या शहरात तो शब्द कुणाला उद्देशून भिंतींवर लिहिला जातो, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्यांनी तो एकदा वाचला, माझ्याकडे पाहून हसले, रबरानं नीट खोडला आणि म्हणाले, “निर्वंशच राहू दे. फर्मा उद्या मशीनवर चढवायचाय.”